सोळा बिटांचा टीआय-९९/४ए आठ बिटांच्या कमोडोरपुढे का टिकला नाही?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मामांनी १९८३ च्या अखेरीस अमेरिकेहून आणलेला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-९९/४ए माळ्यावर सापडला. शोधाशोध केल्यावर कळलं की त्यात सोळा बिटांचा, म्हणजे आठ बिटांच्या दुप्पट माहिती एका दमात हाताळणारा प्रोसेसर आहे आणि तो बनवणारी कंपनी चिपच्या धंद्यातली दादा होती. तरी त्याच वर्षी तिने होम कॉम्प्युटर बंद केला आणि बाजार आठ बिटांच्या कमोडोर ६४ कडे गेला. हे झालं कसं, सगळा जाहिरातीचा खेळ होता का, आणि ते मशीन आता चालू करून बघावं का?

शेवटच्या प्रश्नातली तातडीची गोष्ट आधी सांगतो. ते घरातल्या सॉकेटला लावू नका. अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्टचं आहे, आपल्या २३० वर ट्रान्सफॉर्मर जळेल आणि कदाचित पुढचंही बरंच काही घेऊन जाईल. चालू कसं करायचं ते खाली लिहितो.

आता मूळ मुद्दा. मी बरीच वर्षं भोसरीत इलेक्ट्रॉनिक्सच्या उत्पादनात काढली. बोर्डावर काय काय बसतं, त्याची मटेरियल कॉस्ट किती, कुठला भाग काढला तर काय वाचेल, हे रोजचं काम होतं. जुने होम कॉम्प्युटर दुरुस्त करायचा नाद नंतर लागला. त्यामुळे माझं उत्तर झाकण उघडल्यावर जे दिसतं तिथून सुरू होतं. जाहिराती, वितरण, दुकानदार यांचाही वाटा होता, पण तुम्ही सांगताय त्या दोन मशीनचे बोर्ड शेजारी ठेवले की निम्मं उत्तर तिथेच मिळतं. 'कोणाचा प्रोसेसर मोठा' हा त्या बाजारातला खरा प्रश्न नव्हताच. शंभर डॉलरला विकूनही कोणाच्या हातात पैसे उरतात, हा होता.

टीआयचा टीएमएस९९०० प्रोसेसर घ्या. कंपनीच्या ९९० या मिनिकॉम्प्युटरची रचना एका चिपवर आणायची, या कल्पनेतून तो जन्मला. चौसष्ट पायांची लांबलचक चिप. तिला पाच, उणे पाच आणि बारा असे तीन व्होल्टेज लागतात, शिवाय चार फेजचं क्लॉक (कामाला ताल देणारा सिग्नल), त्यासाठी आणखी एक चिप. कंपनीने घरगुती मशीनसाठी स्वस्त प्रोसेसर आखला होता, तो वेळेत तयार झाला नाही, म्हणून हा मोठा भाऊ तिथे बसवला. पण भोवतालचा बाकीचा संसार आठ बिटांचाच होता. म्हणजे सोळा बिटांची माहिती आठ-आठ करून आणायची आणि जोडायची, त्यासाठी जादा चिप आणि प्रत्येक वेळी प्रोसेसरने थांबून राहायचं. सोळा बिटांच्या पूर्ण रुंदीने, न थांबता मिळणारी वाचा-लिहायची मेमरी किती, तर २५६ बाइट. हो, बाइट, किलोबाइट नव्हे.

जाहिरातीतले १६ केबी कुठे गेले मग? ते प्रोसेसरकडे नाहीतच. ते चित्र काढणाऱ्या व्हिडिओ चिपला टांगलेले आहेत. प्रोसेसरला त्यातलं काही हवं असेल तर व्हिडिओ चिपला पत्ता सांगायचा, मग तिच्याकडून एकेक बाइट मागून घ्यायचा. तुम्ही बेसिक या नवशिक्यांच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला प्रोग्रामही तिथेच राहतो. त्यात भर म्हणजे टीआयचं बेसिक थेट प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेलं नाही. ते जीपीएल नावाच्या मधल्याच एका भाषेत आहे, आणि कंपनीच्या ग्रॉम नावाच्या खास रॉम (फक्त वाचता येणाऱ्या) चिपमध्ये साठवलेलं आहे. तुमची ओळ बेसिक वाचणार, बेसिकची ओळ जीपीएल वाचणार, मग प्रोसेसर काम करणार. तमिळ माणसाचं बोलणं आधी हिंदीत आणि मग हिंदीतून मराठीत ऐकावं तसं. वेग कुठून येणार?

म्हणून 'सोळा बिट म्हणजे वेगवान' हे समीकरण या मशीनला लागू पडत नाही. ३२ केबीचा मेमरी-विस्तार लावून असेंब्लीत, म्हणजे जवळपास प्रोसेसरच्याच भाषेत, लिहिलं तर तेच मशीन बरं धावतं. पण तो विस्तार, डिस्क, असेंब्लरची सामग्री हे सगळं घ्यायचं तर पोलादी पेटीएवढा विस्तारखोका विकत घ्यावा लागायचा. तो घेणारी कुटुंबं थोडी.

टीआयच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ४ए चा कीबोर्ड चांगला आहे, बांधणी भक्कम आहे, आणि आवाज काढून बोलणारं जोडयंत्र त्या काळात भल्याभल्यांकडे नव्हतं. व्हिडिओ चिप तर इतकी चांगली होती की तीच वंशावळ पुढे कोलेकोव्हिजन आणि सेगाचा एसजी-१००० या व्हिडिओ गेमच्या यंत्रांत आणि जपानी एमएसएक्स मशीनमध्ये गेली. कंपनीचा कॉम्प्युटर बुडाला आणि त्यातली चिप इतरांच्या डब्यात सुखाने नांदली. चिपचा धंदा त्यांना येत होता यात शंका नाहीच.

आता कमोडोर. इथे थोडं मागे जायला हवं. कमोडोरचा संस्थापक जॅक ट्रॅमिएल हा पोलंडमध्ये जन्मलेला, आउशविट्झमधून वाचलेला माणूस. अमेरिकेत आल्यावर टाइपरायटरपासून त्याने सुरुवात केली. १९७० च्या दशकात कमोडोर कॅल्क्युलेटर विकायची आणि त्यातल्या चिप टीआयकडून घ्यायची. १९७२ मध्ये टीआयने स्वतःच्या नावाचे कॅल्क्युलेटर बाजारात आणले आणि पुढे भाव असे पाडले की चिप विकत घेऊन जोडणाऱ्यांना जगणं अवघड झालं. कमोडोर बुडता बुडता वाचली. ट्रॅमिएलने यातून काढलेला निष्कर्ष साधा होता: चिप दुसऱ्याची असेल तर भावही दुसराच ठरवतो. १९७६ मध्ये कमोडोरने पेनसिल्व्हेनियातली एमओएस टेक्नॉलॉजी ही चिप बनवणारी कंपनी विकत घेतली.

या एमओएसकडे ६५०२ प्रोसेसर होता. चक पेडल आणि मोटोरोलामधून बाहेर पडलेले त्याचे सहकारी यांनी तो केला आणि १९७५ मध्ये २५ डॉलरला विकायला काढला, तेव्हा इंटेल-मोटोरोलाचे प्रोसेसर त्याच्या कित्येक पटींनी महाग होते. ॲपल टू, अटारीची मशीन, ब्रिटनमधला बीबीसी मायक्रो या सगळ्यांत तोच किंवा त्याचा भाऊबंद. म्हणजे ॲपल आणि अटारी ज्या रचनेवर उभे होते ती कमोडोरच्या घरातली होती.

तुम्ही म्हणाल, टीआयकडेही चिपचे कारखाने होतेच की, आणि कमोडोरपेक्षा कितीतरी मोठे. बरोबर. मला वाटतं इथेच बहुतेक लोक गडबडतात. कारखाना असणं आणि कारखाना मशीनसाठी राबवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. टीआयने आपल्या कपाटात असलेल्या चिप एकत्र आणून मशीन उभं केलं आणि त्या एकमेकींशी जुळाव्यात म्हणून मध्ये जोडकाम भरलं. एमओएसमध्ये अल शार्पेंटियरने चित्रासाठी व्हिक-२ आणि बॉब यानेसने आवाजासाठी सिड चिप आखली, ती मुळात घरगुती व्हिडिओ गेमच्या यंत्रासाठी. १९८१ च्या शेवटी त्यांभोवती मशीन उभं राहिलं आणि जानेवारी १९८२ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात कमोडोर ६४ मांडलादेखील. चूक निघाली तर चिप आपल्याच लाइनवर पुन्हा काढायची, बाहेरच्या पुरवठादाराच्या तारखेची वाट बघायची नाही. उत्पादनात काम केलेल्या माणसाला या एका सवलतीची किंमत कळेल.

६४ केबी मेमरीसह त्याचा भाव ठेवला ५९५ डॉलर. मशीन बनवायचा खर्च सुमारे १३५ डॉलर असल्याची नोंद आहे. हा आकडा पुन्हा वाचा, कारण १९८३ मध्ये जे झालं ते त्यात आधीच लिहिलेलं आहे. एवढी जागा असेल तर तुम्ही भाव अर्ध्यावर आणू शकता, पुन्हा खाली आणू शकता, आणि तरी दुकानदाराला त्याचा वाटा देऊ शकता.

टीआयची उतरंड याच्या शेजारी ठेवा. १९७९ मध्ये टीआय-९९/४ मॉनिटरसह ११५० डॉलर. १९८१ मध्ये सुधारलेला ४ए ५२५ डॉलर. त्याच वर्षी कमोडोरचा व्हिक-२० अमेरिकेत आला तो ३०० डॉलरला, ५ केबी मेमरी, रंग, खरा कीबोर्ड, आणि तो दहा लाखांवर खपलेला पहिला कॉम्प्युटर ठरला. सप्टेंबर १९८२ मध्ये टीआयने १०० डॉलरची सूट जाहीर केली, मशीन २०० च्या आसपास आलं आणि दणक्यात खपलं. यात टीआयचाच हिशेब होता: मशीन कमी नफ्यात द्यायचं, पैसा कार्ट्रिज (मशीनमध्ये खोचायचे प्रोग्रामचे डबे) आणि जोडयंत्रांवर काढायचा. कमोडोरने व्हिक-२० आणखी खाली आणला. १९८३ च्या सुरुवातीला टीआय १५० वर आला. तेवढ्यात ट्रान्सफॉर्मरमुळे शॉक बसण्याचा धोका निघाला आणि विक्री काही काळ थांबवावी लागली. मग व्हिक-२० शंभराच्या आसपास, टीआयही ९९ वर. त्या वर्षाच्या दुसऱ्या तिमाहीत टीआयला ११.९ कोटी डॉलरचा तोटा झाला. २८ ऑक्टोबरला कंपनीने होम कॉम्प्युटरमधून माघार जाहीर केली आणि उरलेला माल ४९ डॉलरपर्यंत खाली विकला गेला. तुमच्या मामांनी वर्षाच्या अखेरीस घेतला म्हणता, तर बहुधा याच भावातला असावा. पन्नास डॉलरमध्ये मिळालेलं त्या वर्षीचं सगळ्यात उत्तम यंत्र, माझ्या मते.

ट्रॅमिएलने कॅल्क्युलेटरचा सूड उगवला, अशी कथा तुम्हाला जागोजागी वाचायला मिळेल. त्याच्या मनात ते नसेल असं मी म्हणत नाही. पण सूड कितीही घ्यावासा वाटला तरी १३५ डॉलरच्या जागी खर्च ३५० असता तर तो घेता आला नसता.

आता सॉफ्टवेअर. हा भाग मला टीआयच्या हिशेबातला खरा घोटाळा वाटतो. कार्ट्रिजवर पैसा काढायचा म्हणजे कार्ट्रिज आपलेच खपले पाहिजेत. म्हणून टीआयने बाहेरच्या प्रोग्रामरना दारातच ठेवलं. मशीनची आतली माहिती सहजी दिली नाही, आणि बाहेरच्या कंपन्यांनी आपल्यामार्फतच विकावं असा आग्रह धरला. तरी काही जणांनी ग्रॉमशिवाय, साध्या रॉमचे कार्ट्रिज काढले. तेव्हा १९८३ मध्ये कंपनीने मशीनच्या आतल्या प्रोग्राममध्ये असा बदल केला की ग्रॉम नसलेला कार्ट्रिज ओळखलाच जाऊ नये. ज्या वर्षी गिऱ्हाईक कमोडोरकडे पळत होतं त्या वर्षी! कमोडोरने उदारपणे सगळ्यांना बोलावलं होतं असं नाही, त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर यथातथाच होतं. पण कुलूप नव्हतं, मेमरी मोकळी होती, आणि ६५०२ वर हात बसलेले प्रोग्रामर आधीच गावोगाव होते.

इथपर्यंतचं थोडक्यात: प्रोसेसर मोठा पण त्याचे हात बांधलेले, बोर्ड महाग, आणि ज्या सॉफ्टवेअरमधून तोटा भरून काढायचा त्याचीच आवक बंद. जाहिरातीने यातलं काही बदललं नसतं. त्यांच्याकडे बिल कॉस्बी होता, कमोडोरकडे विल्यम शॅटनर. दोघेही टीव्हीवरचे ओळखीचे चेहरे.

कमोडोर सरस होती का, यावर मात्र मी सरळ हो म्हणणार नाही. ते कोणासाठी यावर अवलंबून आहे. खेळ आणि संगीत यांच्यासाठी, हो, नि:संशय. पण त्या मशीनमध्येही पैसे वाचवल्याच्या खुणा ठायी ठायी आहेत. १५४१ डिस्क ड्राइव्हमध्ये स्वतःचा वेगळा ६५०२ आहे, म्हणजे जवळजवळ दुसरा कॉम्प्युटरच, आणि तरी तो सेकंदाला जेमतेम ४०० बाइटच्या आसपास देतो. व्हिक-२० मधल्या एका चिपच्या दोषामुळे जी संथ पद्धत स्वीकारली ती पुढेही चालू राहिली. काळा विटेसारखा पॉवर सप्लाय आत राळ ओतून बंद केलेला. तो बिघडला की पाच व्होल्टच्या जागी जास्त व्होल्टेज सोडतो आणि मेमरीच्या चिप मारतो. माझ्याकडे आलेल्या मेलेल्या कमोडोरांपैकी बहुतेकांचा खुनी हाच. टीआयची मशीन त्या मानाने माळ्यावरची चाळीस वर्षं सोसून सहसा उठून उभी राहतात.

आणि भावयुद्ध जिंकणाऱ्यांचं तरी काय झालं? व्यवस्थित दुकान मांडून, गिऱ्हाइकाला शिकवून कॉम्प्युटर विकणारे डीलर कमोडोरने मोठ्या सवलतीच्या दुकानांत माल टाकल्यावर नाराज झाले. अटारीला १९८३ मध्ये ५० कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. होम कॉम्प्युटरच्या धंद्यात उतरलेली टाइमेक्स १९८४ च्या फेब्रुवारीत बाहेर पडली. कोलेकोचा ॲडम तर असा बेतलेला की पॉवर सप्लाय प्रिंटरमध्ये, प्रिंटर बिघडला की घरातला कॉम्प्युटरही बंद. जानेवारी १९८५ मध्ये तोही संपला. खुद्द ट्रॅमिएल जानेवारी १९८४ मध्ये अध्यक्ष अर्व्हिंग गूल्डशी बिनसल्यावर कमोडोर सोडून गेला आणि जुलैमध्ये त्याने अटारीची मालक कंपनी वॉर्नरकडून अटारीचा घरगुती धंदा विकत घेतला. काल ज्याला मारलं तेच आज आपलं घर.

हे सगळं अमेरिकेपुरतं. ब्रिटनमध्ये हाच प्रश्न विचारला असता तर उत्तरात टीआयचं नाव क्वचितच आलं असतं. तिथे सिंक्लेअरने १९८२ मध्ये स्पेक्ट्रम आणला, १६ केबी १२५ पौंड, ४८ केबी १७५ पौंड. सिंक्लेअरकडे चिपचा कारखाना नव्हता. त्याने स्वस्ताई साधली ती फेरांटी या चिप कंपनीच्या एका सानुकूल चिपमध्ये बरीचशी जुळणी कोंबून, आणि मालाच्या खरेदीत कंजूषपणाची कमाल करून. ४८ केबीच्या स्पेक्ट्रममध्ये वरच्या ३२ केबीसाठी वापरलेल्या चिप मुळात ६४ किलोबिटच्या. त्यांचा अर्धा भाग सदोष निघालेला, म्हणून स्वस्तात मिळालेल्या. चांगला अर्धा कुठला ते बोर्डावरच्या जोडणीने ठरवायचं. त्यातल्या कित्येक चिपवर शिक्का कोणाचा असतो माहितीये? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा. स्पेक्ट्रम दुरुस्त करताना हे बघून मला दर वेळी हसू येतं.

एकॉर्नचा बीबीसी मायक्रो याच्या उलट. महाग, मॉडेल बी सुरुवातीला ३३५ पौंड आणि लवकरच ३९९, पण बीबीसीच्या संगणक साक्षरता मोहिमेचं बळ आणि शाळांची मागणी मागे. आपल्याकडच्या वाचकांपैकी चाळिशी-पन्नाशीतल्या काहींनी हाच पाहिला असेल, कारण १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या शाळांतून संगणक शिकवायच्या 'क्लास' प्रकल्पात सुमारे २५० शाळांपासून सुरुवात झाली ती बीबीसी मायक्रोवर, आणि पुढे मोहालीच्या सरकारी सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये त्याची एससीएल युनिकॉर्न नावाने जुळणीही झाली. कमोडोर किंवा टीआय आपल्या घरांत आले ते तुमच्या मामांसारख्यांच्या बॅगेतून.

आता तुमचं मशीन. आधी त्याचा बाहेरचा ट्रान्सफॉर्मर तपासा. वायर कडक झाली असेल, डबा फुगला असेल तर तो वापरू नका. ठीक असेल तर २३० चे ११० करणारा खरा, तांब्याच्या वेटोळ्यांचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, १०० व्हीएचा पुरेसा आहे. प्रवासात इस्त्रीसाठी मिळतात तसले हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर नकोत. आपल्याकडची ५० हर्ट्झ वीज चालते, ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त गरम होईल एवढंच, म्हणून तासन्तास चालू ठेवू नका. चित्रासाठी मागच्या पाच पिनांच्या गोल सॉकेटमधून एनटीएससी (अमेरिकी टीव्हीच्या) पद्धतीचा कंपोझिट व्हिडिओ आणि आवाज मिळतो, एव्ही पिनची केबल कोणीही करून देईल. बहुतेक एलसीडी टीव्ही एनटीएससी निमूटपणे घेतात. कार्ट्रिज घालायच्या आधी त्याची सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नाहीतर मशीन अडकेल आणि तुम्हाला वाटेल बोर्डच गेला.

चालू झाल्यावर रंगीत पट्ट्यांचा पहिला पडदा येईल. तिथे खालच्या ओळीत वर्ष बघा. १९८१ असेल तर कुठलाही कार्ट्रिज लावा. १९८३ आणि 'व्ही२.२' असं असेल तर तुमचं मशीन त्या कुलूप लावलेल्यांपैकी आहे. अशी मशीन बहुधा शेवटच्या काळातली, क्रीम रंगाची. त्यात अटारीसॉफ्टसारख्या बाहेरच्या कंपन्यांचे कार्ट्रिज मेनूत दिसणारच नाहीत. ते बिघडलेले समजून टाकू नका, १९८१ वाल्या मशीनवर ते चालतील.